बेदाण्याच्या फोटोवर नाव: डेस्कटॉप प्रोग्रॅममधली चित्रांची बटणं

सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीच्या दुकानासाठी काउंटरवरचा प्रोग्रॅम करायला घेतला, की मालकांची पहिली मागणी फोटोची असते. "बटणावर मालाचा फोटो टाका, म्हणजे नवीन पोरगं बसलं तरी चुकायचं नाही." मागणी योग्य आहे, पण अर्धीच. हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा यांचे फोटो दीडशे पिक्सेलच्या चौकटीत शेजारीशेजारी ठेवा आणि दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर बघा. दिवाणजींना माल हातात घेतला की डोळे झाकून कळतो, पण स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. हळदीचं हळकुंड आणि गड्डा वेगळे ओळखू येतात, कणी मात्र कशाचीही वाटते. म्हणून फोटोबरोबर नाव लागतंच. ते फोटोच्या खाली दिलं तर प्रत्येक बटणाची उंची वाढते आणि सगळा माल एका स्क्रीनवर मावत नाही. तेव्हा नाव फोटोच्या अंगावरच यायला हवं.

हे कसं करायचं ते इथे पायरीपायरीने सांगतो. मुख्य उदाहरण पायथनचं आणि त्याच्यासोबत फुकट येणाऱ्या टीकेइंटर या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीचं आहे, कारण छोट्या दुकानांच्या कामाला ते पुरतं. विंडोज फॉर्म्स, जावा स्विंग आणि क्यूटी वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. गुणधर्मांची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत लिहायची हे प्रोग्रॅमरला सांगायला नको.

आधी हे ठरवा: अक्षरं फोटोत कोरायची नाहीत

सोपा वाटणारा मार्ग असा असतो की फोटोशॉपमध्ये फोटो उघडायचा, त्यावर "हिरवा बेदाणा" टाइप करायचं, सेव्ह करायचं आणि ते चित्र बटणाला चिकटवायचं. हा मार्ग पहिल्या दिवशी बरा वाटतो. पुढे मालक म्हणतात, "हिरवा नको, ‘हिरवा लांब’ लिहा," आणि तुम्ही पुन्हा फोटोशॉप उघडून बसता. मॉनिटर बदलला की चित्र लहानमोठं होतं आणि त्यासोबत अक्षरंही फाटतात. एखादा माल संपला म्हणून बटण बंद केलं, तर चित्रात कोरलेलं नाव होतं तसंच ठळक राहतं. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर चित्रातली अक्षरं दिसतच नाहीत.

चित्र चित्राच्या जागी ठेवायचं, मजकूर मजकुराच्या जागी, आणि मजकूर रंगवायचं काम बटणालाच करू द्यायचं. आपण फक्त फोटो असा तयार करायचा की त्याच्यावर अक्षर वाचता येईल. पुढचं सगळं याच धोरणावर उभं आहे. अपवाद एकच आहे, तो शेवटाकडे येईल.

पायरी १: फोटो बटणाच्या मापाचा करा

टीकेइंटरचं बटण फोटो ताणत नाही, आकुंचित करत नाही. जेवढा दिला तेवढा दाखवतं. मोबाइलवर काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच दिला तर एकच बटण सगळी स्क्रीन व्यापून बाहेर जाईल. म्हणून पायथनची पिलो ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवायच्या साधनाने) बसवून घ्या आणि फोटो आधी मापात आणा.

फोटो इमेज-डॉट-ओपनने उघडला की सगळ्यात आधी इमेज-ऑप्स मॉड्यूलमधलं ‘एक्झिफ-ट्रान्सपोज’ चालवा. मोबाइल उभा धरून काढलेले फोटो बऱ्याचदा आडवेच साठवलेले असतात आणि "हा फिरवून दाखव" एवढी खूण फाइलमध्ये असते. फोटो बघायचं अ‍ॅप ती खूण पाळतं, पिलो आपणहून पाळत नाही. ही ओळ विसरलात तर बेदाण्याचा ट्रे कडेवर उभा दिसेल.

मग त्याच मॉड्यूलमधलं ‘फिट’ वापरा. त्याला १६० बाय १२० असं माप दिलं, की ते प्रमाण न बिघडवता फोटो लहान करतं आणि उरलेल्या कडा कापतं. साधं ‘रिसाइझ’ वापरलं तर चौकोनी फोटो आडव्या चौकटीत ताणला जातो आणि मणुके फुगल्यासारखे दिसतात. फिल्टर म्हणून ‘लँक्झोस’ द्या. एवढा मोठा फोटो एवढा लहान करताना कडा त्यातल्या त्यात स्वच्छ राहतात.

पायरी २: खिडकी आधी, चित्र नंतर

टीकेइंटरमध्ये मुख्य खिडकी तयार होण्याआधी चित्र बनवायला गेलात, तर ‘टू अर्ली टू क्रिएट इमेज’ अशी तक्रार येते. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी टीके-ची (टीकेइंटरच्या मागे काम करणाऱ्या मूळ टूलकिटची) खिडकी, मग पिलोचं चित्र इमेज-टीके मॉड्यूलच्या ‘फोटोइमेज’मधून टीकेच्या चित्रात बदलणं, मग बटण.

टीकेइंटरचं स्वतःचंही ‘फोटोइमेज’ आहे. ते जिफ वाचतं, आणि टीकेच्या ८.६ आवृत्तीपासून पीएनजीही वाचतं. जेपेग मात्र वाचत नाही, आणि दुकानातून येणारे फोटो जेपेगच असतात. म्हणून सरळ पिलोच्या वाटेने जा.

पायरी ३: चित्र हातातून सुटू देऊ नका

टीकेइंटरवर ज्यांनी कधी काम केलंय ते इथे ओळखीचं हसतील. बटण येतं, जागाही बरोबर असते, पण फोटोच्या जागी रिकामा करडा चौकोन. चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही.

कारण असं: चित्राचा पायथनमधला ऑब्जेक्ट फंक्शनच्या आत एखाद्या स्थानिक चलात ठेवलेला असतो. फंक्शन संपलं की तो चल जातो, त्या ऑब्जेक्टला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, पायथन तो मेमरीतून काढून टाकतो आणि जाता जाता टीकेकडचं चित्रही पुसतो. बटणाला फक्त चित्राचं नाव माहीत असतं, त्याने चित्र धरून ठेवलेलं नसतं.

उपाय म्हणून क्लासमध्ये एक डिक्शनरी ठेवा, ‘सेल्फ-डॉट-फोटो’ म्हणा हवं तर, आणि प्रत्येक मालाच्या कोडसमोर त्याचं चित्र साठवा. प्रोग्रॅम चालू आहे तोवर चित्रं जिवंत राहतात. काहीजण बटणालाच एक जादा गुणधर्म जोडून त्यात चित्र ठेवतात. तेही चालतं, पण डिक्शनरी असली की पुढे फोटो बदलताना शोधाशोध होत नाही.

पायरी ४: कंपाउंड

आता मूळ प्रश्न. बटणाला ‘टेक्स्ट’ही दिला आणि ‘इमेज’ही दिली, तर दिसतं फक्त चित्र. मजकूर गायब. पुष्कळजण इथे थांबतात आणि टीकेइंटरला हे जमत नाही असं ठरवून मोकळे होतात.

जमतं. बटणाला ‘कंपाउंड’ नावाचा पर्याय आहे, २००२ साली आलेल्या टीके ८.४ पासून. काही न सांगितल्यास त्याची किंमत ‘नन’ असते, म्हणजे चित्र असेल तर मजकूर दाखवू नकोस. ‘टॉप’, ‘बॉटम’, ‘लेफ्ट’, ‘राइट’ या किमती चित्र मजकुराच्या कोणत्या बाजूला ठेवायचं ते सांगतात. नीट लक्षात घ्या, बाजू चित्राची असते, मजकुराची नाही; ‘टॉप’ लिहिलं की चित्र वर आणि नाव खाली. आपल्याला हवी ती किंमत ‘सेंटर’. ती दिली की मजकूर चित्राच्या बरोबर मधोमध, चित्राच्या वर उमटतो. स्पेलिंग अमेरिकन, शेवटी ई-आर. आर-ई लिहिलंत तर प्रोग्रॅम तिथेच अडेल.

थोडक्यात बटणाला चार गोष्टी लागतात: टेक्स्ट, इमेज, कंपाउंड आणि कमांड. टीटीके या टीकेइंटरच्या थीमवाल्या मॉड्यूलमधल्या बटणालाही कंपाउंड आहे, पण तिथे अक्षरांचा रंग थेट देता येत नाही, स्टाइल बनवावी लागते आणि विंडोजच्या थीम मध्ये लुडबुड करतात. चित्रांच्या बटणांसाठी साधं जुनं टीके-बटणच मला जास्त आज्ञाधारक वाटतं. मॅकवर मात्र हेच जुनं बटण मागचा रंग वगैरे ऐकत नाही. सुदैवाने यार्डात मॅक नाहीत.

पायरी ५: माप, फॉन्ट आणि रंग

मजकुराच्या बटणाला ‘विड्थ’ २० दिली तर त्याचा अर्थ वीस अक्षरं. त्याच बटणावर चित्र आलं की २० म्हणजे वीस पिक्सेल. आधी मजकुराचं बटण केलं आणि मग त्यात चित्र घातलं, तर बटण एकदम चिमटीएवढं होतं ते यामुळे. चित्र १६० बाय १२० असेल तर विड्थ १६० आणि हाइट १२० द्या, किंवा काहीच देऊ नका; मग चित्र आणि मजकूर यांत जे मोठं असेल त्यावरून बटण आपलं माप ठरवतं.

फॉन्टची बाब मराठीत जास्त नाजूक आहे. रोमन अक्षरांना फोटोवर बारीक फॉन्ट एकवेळ खपतो. आपल्या लिपीत शिरोरेखा, वरच्या वेलांट्या आणि मात्रा, खालचे उकार, जोडाक्षरं एवढं सगळं त्याच उंचीत बसतं. फोटोच्या गर्दीत सगळ्यात आधी हरवतात त्या वरच्या मात्रा. ठळक फॉन्ट घ्या आणि तो १८ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट सोबत येतो, तो चांगला वाचता येतो. ‘मंगल’ त्याआधीपासून आहे, पण ठळक केला की बटणावर गचडी होते. फॉन्टच्या नावात चूक झाली तर टीके तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं, म्हणून नाव तपासून लिहा. दुकानाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मालाची यादी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर बटणावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल.

रंगासाठी ‘एफजी’ पांढरा द्या आणि लगेच ‘अ‍ॅक्टिव्ह-फोरग्राउंड’ही पांढरा द्या. हा दुसरा पर्याय विसरला की बटण दाबताना नाव क्षणभर काळं होतं आणि गडद फोटोवर दिसेनासं होतं. ‘बीडी’ शून्य करायचा मोह होईल, कारण कडा नसलेला फोटो देखणा दिसतो. पण फोटोने सगळं बटण व्यापलेलं असतं, त्यामुळे दाबल्यावर बदलणारा मागचा रंग दिसतच नाही. कडा दोन-तीन पिक्सेलची ठेवा, म्हणजे बटण दबलेलं डोळ्यांना कळतं. काउंटरवर गर्दी असली की माणूस हाच दिलासा शोधतो, आणि तो मिळाला नाही की तेच बटण दोनदा दाबतो. मग पट्टीवर, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या कागदावर, माल दुप्पट.

नाव लांब असेल तर ‘रॅप-लेंग्थ’ १४० द्या. हेही पिक्सेलमध्ये असतं आणि मजकूर शब्दांच्या मधल्या जागेवर तोडून दुसऱ्या ओळीत नेतं. ‘जस्टिफाय’ सेंटर करा.

पायरी ६: अक्षर वाचता आलं पाहिजे

इथवर आलात तर नाव फोटोवर उमटलेलं असेल. आता हळदीचं बटण बघा. पिवळ्याधमक फोटोवर पांढरं नाव, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

याचं मोजमाप करता येतं. वेबसाठी बनलेल्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं प्रकाशमानतेचं गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या मजकुरासाठी किमान ३ असावं असं सांगितलंय. डेस्कटॉपलाही तीच कसोटी लावायला हरकत नाही. हिशोब असा: लाल, हिरवा, निळा या तिन्ही किमती आधी गॅमा काढून सरळ रेषेत आणायच्या, मग लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२, निळ्याला ०.०७२२ ने गुणून बेरीज करायची. दोन्ही रंगांच्या बेरजांत ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागायचं. हळदीचा रंग लाल २२५, हिरवा १७३, निळा १ असा धरला तर त्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर जेमतेम २ येतं. काळ्याचं १० च्या वर जातं.

मग सगळीकडे काळी अक्षरं लावावीत का? हळदीला चालेल. काळ्या बेदाण्याच्या फोटोवर मात्र काळं नाव लिहिणार कसं? प्रत्येक मालाला वेगळा रंग ठरवत बसलात तर स्क्रीन जत्रेसारखी दिसेल. म्हणून अक्षर सगळीकडे पांढरंच ठेवा आणि फोटो काळवंडवा.

त्याच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी: पिलोमधलं ‘इमेज-एन्हान्स’ घ्या, त्यातलं ‘ब्राइटनेस’ ०.५ ते ०.६ च्या आसपास ठेवा. सगळा फोटो मंद होतो, अक्षर उठून दिसतं. यात मालाचा रंगही मंद होतो, आणि बेदाण्यात रंगच तर बघायचा असतो. हिरवा आणि पिवळा ओळखायला आधीच कठीण, त्यात आपणच अंधार करायचा!

म्हणून मला दुसरी रीत पटते. फोटो तसाच ठेवायचा आणि जिथे नाव येणार तेवढ्याच भागावर अर्धपारदर्शक काळा पट्टा टाकायचा. फोटो ‘आरजीबीए’मध्ये, म्हणजे रंगासोबत पारदर्शकताही साठवणाऱ्या स्वरूपात बदला. त्याच मापाचं पूर्ण पारदर्शक नवं चित्र तयार करा. त्या पारदर्शक चित्रावर ‘इमेज-ड्रॉ’ने आयत काढा, रंग काळा, अल्फाचा म्हणजे अपारदर्शकतेचा आकडा २५५ पैकी १५०. मग ‘अल्फा-कंपोझिट’ने दोन्ही एकमेकांवर बसवा. आयत थेट फोटोवरच काढायला जाऊ नका. पिलो त्या पिक्सेलवर रंग मिसळत नाही, खालचा पुसून नवा ठेवतो. फोटोच्या जागी भोक पडल्यासारखं होतं. दोन थर लागतात ते यामुळेच.

या पट्ट्यानंतर तीच हळद, तेच पांढरं अक्षर, आणि गुणोत्तर साडेआठच्या वर. कसोटीच्या दुपटीच्या जवळ. पट्ट्याची पारदर्शकता आणखी वाढवायची असेल तर हा आकडा १२० पर्यंत उतरवा, त्याखाली गेलात तर दुकानातल्या उजेडात परत हिशोब करावा लागेल.

पायरी ७: नाव तळाशी न्यायचं असेल तर

कंपाउंड ‘सेंटर’ म्हणजे मधोमधच. पट्टा मध्ये टाकला तर मालावरच आडवा येतो. फोटोत बघण्यासारखं जे आहे ते नेमकं मध्ये असतं. पट्टा तळाशी हवा, तर नावही तळाशी आलं पाहिजे, आणि त्यासाठी टीकेकडे वेगळा पर्याय नाही. ‘अँकर’ चित्र आणि मजकूर दोन्ही एकत्र हलवतो.

एक जुगाड आहे, तो बिनदिक्कत वापरा. नावाच्या आधी दोन-तीन कोऱ्या ओळी घाला. सगळा मजकूर मिळून मधोमध ठेवला जातो, त्यात वरच्या ओळी कोऱ्या असल्या की नाव आपोआप खाली सरकतं. किती ओळी लागतील ते फॉन्टवर आहे. फॉन्टच्या मेट्रिक्सकडे ‘लाइनस्पेस’ मागितलं की एका ओळीची उंची कळते. कोऱ्या ओळी धरून एकूण उंची फोटोपेक्षा जास्त झाली तर बटण फुगतं, किंवा हाइट दिलेली असेल तर नावाचा खालचा भाग कापला जातो. मराठीत कापले जातात ते उकार, आणि ‘गुलाबी’चं ‘गलाबी’ होतं.

पूर्ण ताबा हवा असेल तर बटण सोडून कॅनव्हास घ्या. ‘क्रिएट-इमेज’ने फोटो, त्याच्यावर ‘क्रिएट-टेक्स्ट’ने नाव, हव्या त्या बिंदूवर. सावली पाहिजे तर तेच नाव आधी काळ्या रंगात एक पिक्सेल उजवीकडे आणि एक पिक्सेल खाली काढा, मग त्याच्यावर पांढरं. दोघांना एकच टॅग द्या आणि ‘टॅग-बाइंड’ने क्लिक जोडा. दिसायला सुरेख होतं. पण टॅब दाबून पुढच्या बटणावर जाणं, स्पेसबारने बटण दाबणं, दबल्याचा आभास, बंद अवस्था, हे सगळं बटण फुकट देत होतं आणि आता ते हाताने लिहावं लागतं. कीबोर्डवरच काम करणारे दिवाणजी असतील तर या वाटेला जाऊ नका.

पायरी ८: लूपमधला सापळा

माल बारा-पंधरा असले की बटणं लूपमध्ये करणार, आणि कमांडला लॅम्डा (एका ओळीचं बिननावाचं फंक्शन) देणार. मग कोणतंही बटण दाबा, यादीतला शेवटचाच माल निवडला जातो. लॅम्डा मालाची किंमत बनवताना साठवत नाही, दाबताना बघतो. तोवर लूप संपून चल शेवटच्या मालावर थांबलेला असतो. लॅम्डाच्या आर्ग्युमेंटला डिफॉल्ट म्हणून माल बांधा, किंवा फंकटूल्समधलं ‘पार्शल’ वापरा.

फोटोंचे पत्तेही पक्के द्या. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने प्रोग्रॅम उघडला की चालू फोल्डर भलताच असू शकतो, त्यामुळे पत्ता कायम प्रोग्रॅमच्या फाइलपासून मोजा.

पायरी ९: १२५ टक्क्यांचा घोळ

तुमच्या लॅपटॉपवर सगळं जिथल्या तिथे असतं. दुकानात गेल्यावर नाव फोटोच्या बाहेर जाऊ शकतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तिथे स्केल १२५ किंवा १५० टक्के असतो, चष्मा लावणाऱ्या माणसाने तो मुद्दाम वाढवून घेतलेला असतो.

फॉन्टचा आकार साधा आकडा दिला, समजा १४, तर टीके ते पॉइंट समजतं आणि स्क्रीनच्या घनतेप्रमाणे वाढवतं. चित्र मात्र पिक्सेलमध्ये असतं, ते वाढत नाही. अक्षरं वाढली, फोटो तेवढाच. फॉन्टचा आकार ऋण द्या, उणे १८, म्हणजे टीके ते पिक्सेल धरतं आणि दोन्ही एकाच मापात राहतात.

पण मग त्या चष्मेवाल्यांना सगळंच बारीक दिसणार. त्यासाठी प्रोग्रॅम सुरू होताना स्क्रीनचं प्रमाण विचारा आणि फोटोचं माप, फॉन्ट, रॅप-लेंग्थ या तिन्हींना त्याच आकड्याने गुणा. फोटो मूळ मोठ्या फाइलवरून तयार करत असाल तर तो मोठा करूनही स्वच्छ राहतो. म्हणूनच मूळ फोटो कधी टाकून देऊ नका.

दुसऱ्या टूलकिटमध्ये

विंडोज फॉर्म्समध्ये हे काम टीकेइंटरपेक्षा सोपं आहे. बटणाच्या ‘टेक्स्ट-इमेज-रिलेशन’ची सुरुवातीची किंमतच ‘ओव्हरले’ आहे, आणि ‘टेक्स्ट-अलाइन’ व ‘इमेज-अलाइन’ वेगवेगळे आहेत. टेक्स्ट-अलाइन ‘बॉटम-सेंटर’ केलं की नाव तळाच्या पट्ट्यावर, कोऱ्या ओळींचा जुगाड नको. ‘इमेज’ फोटो ताणत नाही. ताणायचा असेल तर ‘बॅकग्राउंड-इमेज’ वापरा आणि तिचा लेआउट ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’ करा, कारण न सांगितल्यास ती फरशीसारखी पुन्हा पुन्हा लावली जाते. ‘फ्लॅट-स्टाइल’ चुकून ‘सिस्टिम’ झाली की इमेजमधला फोटो दिसत नाही, आणि शोधायला वेळ जातो. बटण बंद केलं की नाव करडं होतं, तुम्ही दिलेला रंग तिथे चालत नाही. तेव्हा पट्टा बऱ्यापैकी गडद असू द्या.

जावा स्विंगमध्ये जे-बटणाला आयकॉन आणि मजकूर दोन्ही दिले की मजकूर आयकॉनच्या शेजारी जातो. ‘सेट-हॉरिझॉन्टल-टेक्स्ट-पोझिशन’ आणि ‘सेट-व्हर्टिकल-टेक्स्ट-पोझिशन’ दोन्ही सेंटर करा. व्हर्टिकल न सांगितल्यास सेंटरच असते, त्यामुळे हॉरिझॉन्टल विसरलात तरच नाव फोटोच्या वर येत नाही. शिवाय ‘मार्जिन’ शून्य करा, नाहीतर फोटोभोवती करडी चौकट राहते.

क्यूटीमध्ये पुश-बटणाचा आयकॉन मजकुराच्या शेजारीच बसतो आणि टूल-बटणाच्या शैलींतही मजकूर आयकॉनवर नेणारी शैली नाही. स्टाइलशीटमध्ये ‘बॉर्डर-इमेज’ द्या. ती बटणाच्या मापाला ताणली जाते आणि मजकूर तिच्यावर येतो. ‘पॅडिंग-टॉप’ वाढवलं की नाव खाली सरकतं. डब्ल्यूपीएफमध्ये तर प्रश्नच नाही, बटणाच्या आत ग्रिड ठेवा, त्यात आधी इमेज आणि मग टेक्स्ट-ब्लॉक.

अपवाद: फोटोतच अक्षर लिहायची वेळ आली तर

टीकेच्या ८.६ आवृत्तीचा लिनक्सवर एक मोठा दोष आहे: देवनागरीची जोडणी ते करत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. विंडोजवर आणि मॅकवर हा त्रास नाही. दुकानात उबंटू असेल तर उत्तम उपाय क्यूटीकडे वळणं हा आहे, कारण ते अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरतं. जावानेही ९ व्या आवृत्तीपासून तेच घेतलं आहे. तेवढा बदल शक्य नसेल तर नाव पिलोने फोटोवर लिहावं लागतं.

पण पिलोची साधी मांडणीही जोडणी करत नाही. ‘पिवळा’ लिहिलं तर वेलांटी भलतीकडे जाईल. त्याला ‘राक्म’ नावाची मांडणी लागते. ‘फीचर्स’ मॉड्यूलमधल्या ‘चेक’ला राक्म विचारा, उत्तर खरं आलं तर ‘ट्रू-टाइप’ने फॉन्ट उघडताना लेआउट इंजिन म्हणून राक्म द्या. विंडोजवर पिलोसोबत राक्म येतं, पण त्याला फ्रिबिडी ही लायब्ररी वेगळी लागते. ती नसेल तर उत्तर खोटं येतं.

अक्षरांना काठ हवा असेल तर ‘टेक्स्ट’ला ‘स्ट्रोक-विड्थ’ २ आणि ‘स्ट्रोक-फिल’ काळा द्या. जास्त जाड केलं तर जोडाक्षरांमधल्या पोकळ्या बुजतात. आणि फोटो हाताने कोरून साठवू नका. प्रोग्रॅम सुरू होताना यादीतलं नाव घेऊन तिथल्या तिथे तयार करा. मालकांनी नाव बदललं की फोटो आपोआप बदलेल. बटणालाही ‘टेक्स्ट’ देऊन ठेवा आणि कंपाउंड ‘नन’ ठेवा, म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःला आपलं बटण नावाने ओळखता येतं.

दुकानात नेण्याआधी

स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणा आणि खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे जाऊन नावं वाचा. सौदे चालू असताना दिवाणजी खुर्चीत टेकून बसलेले नसतात. यादीतलं सगळ्यात लांब नाव, सगळ्यात जास्त जोडाक्षरांचं नाव आणि खाली उकार असलेलं एखादं नाव मुद्दाम एकत्र लावून बघा. एक बटण बंद करून बघा. स्केल १०० वरून १५० करून प्रोग्रॅम पुन्हा उघडा. शेवटी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि स्पेसबारवर एक पट्टी पूर्ण करा. फोकस कोणत्या बटणावर आहे ते फोटोच्या गर्दीत दिसत नसेल तर ‘हायलाइट-थिकनेस’ ३ करा आणि ‘हायलाइट-कलर’ला नारिंगी किंवा लाल असा फोटोंमध्ये नसलेला रंग द्या. पिवळा मात्र नको, यार्डात तो आधीच भरपूर आहे.